सध्या पलीकडे कोणी नाही

ब्रॉडबँड कंपनीच्या अर्जात एक रकाना होता : 'आपल्या सेवेचा लाभ घेणाऱ्यांची अंदाजे संख्या (अक्षरी).' मी तिथे 'एक' असं लिहिलं.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं.

"एक म्हणजे एक हजार का?"

"नाही. एक."

"सुरुवातीला एक. पुढे वाढतील ना?"

"वाढणार नाहीत."

"मग बाकीचे?"

"बाकीचे कोणी नाहीत," मी म्हणाले.

हे मी अर्जातल्या सेवेबद्दल बोलले होते. पण माझ्या मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ, जे इतका वेळ मला कोपराने ढकलत होते, ते एकदम मागे सरले, आणि बाईंनी आतून एक खुर्ची मागवली. त्या कार्यालयात मी याआधीही अनेकदा आले होते. खुर्ची पहिल्यांदाच मिळाली.

तो एक म्हणजे माझा दादा. तो बसने दुपारपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावरच्या एका गावात राहतो. वहिनी गेल्यापासून एकटाच असतो. त्याला ऐकू येत नाही, म्हणजे जवळजवळ नाहीच. कानाचं यंत्र आहे, ते टेबलाच्या खणात असतं. "ते घातलं की सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं," असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दादाचा फोन हे बातमीपत्र असतं. तो सांगतो, आपण ऐकायचं, आणि सांगून झालं की तो फोन ठेवतो. आपण मध्ये काही बोललो तर ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. नाही म्हणायला पूर्वी आमच्या चुलत-मावस मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात दादा होता. पण दादाने सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढली. आत्याच्या सुनेचे वडील वारले तेव्हा ग्रुपवर आलेल्या शोकसंदेशात त्याने तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि खाली 'पुढच्या वेळी काळजी घ्यावी' असं लिहिलं. तेव्हापासून तो ग्रुपवर नाही. तो म्हणतो की तो बाहेर पडला. बाकीचे म्हणतात की त्याला बाहेर काढलं. मला दोन्ही बाजू पटतात.

तसा दादाच्या घरी एक जुना, मोठ्या किल्ल्यांच्या कीबोर्डचा संगणक आहे आणि त्यावर तो भराभर आणि शुद्ध लिहितो. मोबाइलवर लिहीत नाही. इतक्या बारीक किल्ल्यांवर अनुस्वार जागेवर पडत नाही, म्हणतो.

आता माझं. मी प्रयोगशाळेतले तराजू बनवणाऱ्या एका कंपनीत होते. तराजूने आपलं वजन संगणकाला सांगायचं, तो भाग माझ्याकडे होता. म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी नीट बोलावं यातच माझी नोकरी गेली. यंत्रांचं बोलणं मला आवडतं. थोडक्यात, नेमकं बोलायचं, आणि पोच आल्याशिवाय पुढे जायचं नाही. माणसांशीही मी काही वर्षं तसंच बोलून पाहिलं. फारसं जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी कपाटं आवरली. मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. मग मी ठरवलं की दादासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहायचा. त्याने तिकडे एक ओळ लिहिली की ती इकडे माझ्या पडद्यावर उमटेल, मी इकडे लिहिली की तिकडे. दुपारचा चहा झाला की दोघांनी आपापल्या मशीनपुढे बसायचं. बस, एवढंच.

समोरच्या वहिनींना हे मी उगाच सांगितलं. त्या माझ्याहून लहान आहेत, पण सल्ला देताना वयाचा विचार करत नाहीत.

"अहो ताई, याच्यासाठी फुकटची ॲपं आहेत की."

"आहेत."

"मग?"

"त्यांत सकाळी उठून कोणीतरी फुलं पाठवतं. दादाला चालत नाही."

"मग तुम्ही दादांकडेच जाऊन राहा ना. तेही एकटे, तुम्हीही एकट्या."

"एकत्र राहिलो तर पंधरवड्यात भांडण होईल."

"होऊ दे की. तेवढीच सोबत."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. मला पुन्हा काहीतरी लिहायचं होतं, आणि ते कोणाला तरी लागणार असायला हवं होतं.

आता थोडं तांत्रिक बोलणं भाग आहे. संगणकाला पुष्कळ दारं असतात आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. ईमेलचं दार वेगळं, वेबचं वेगळं, घड्याळं जुळवणाऱ्यांचं वेगळं. नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक मशीनवर एक साधी फाइल असते : डावीकडे सेवेचं नाव, उजवीकडे दाराचा नंबर. प्रोग्रामने नाव विचारायचं, मशीन त्या फाइलीत बघून नंबर देणार. या फाइलीत आपण आपलीही एक ओळ घालू शकतो. जगातल्या मोठमोठ्या सेवांच्या पंक्तीत जाऊन बसायचं आणि कोणी 'तुम्ही कोण' असं विचारायचं नाही, अशी मला माहीत असलेली ही एकच जागा.

नंबर नको, नाव हवं, ही दादाची अट होती. मी त्याच्याकडे जाऊन प्रोग्राम बसवला तेव्हाच त्याने सांगितलं.

"नंबर तुझा तू ठेव. मला नाव सांग."

मी कागदावर 'gappa' असं लिहून दाखवलं.

"दोन पी?"

मी मान हलवली.

"बरोबर आहे," दादा म्हणाला.

तर गप्पा, आणि त्यापुढे पाच हजार दहा. हा नंबर आमच्या दोघांच्याही मशीनवर रिकामा होता. मी दोन्हीकडे ओळ घातली. शिवाय एक सोय केली, जिचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. पलीकडचं दार बंद असेल तर मशीन इंग्रजीत एक तुसडं वाक्य टाकतं. दादाला ते बघायला लागू नये म्हणून त्याच्या जागी मी मराठीत सौम्य वाक्य घातलं : 'सध्या पलीकडे कोणी नाही.' दादाने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "शुद्ध आहे." दादाकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

प्रोग्राम मी आधी माझ्या घरी नीट तपासला होता. एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत मी 'नमस्कार' लिहिलं, दुसरीत ते उमटलं. दुसरीतून मीच 'कशी आहेस?' असं विचारलं. पहिलीत मी 'बरी आहे, तू?' असं लिहिलं. पुष्कळ वेळ चांगल्या गप्पा झाल्या. त्या संपवताना मला थोडं जड गेलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

अडचण एवढीच होती की बाहेरून कोणी माझ्या मशीनचं दार वाजवायचं, तर ब्रॉडबँड कंपनीने आपल्या पेटीतून वाट करून द्यायला हवी. एरवी ती सगळी दारं बंद ठेवते. आणि ती पेटी आमच्या जिन्याखाली, म्हणजे इमारतीच्या जागेत. म्हणून कंपनीला इमारतीचं ना-हरकत पत्र हवं होतं, आणि इमारतीचं पत्र म्हणजे सेक्रेटरींची सही.

सेक्रेटरींना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण ते कुठलंही वाक्य 'माझ्या अनुभवाप्रमाणे' असं सुरू करतात.

"माझ्या अनुभवाप्रमाणे," ते म्हणाले, "एकदा दार उघडलं की कोणीही आत येतं."

"इमारतीचं दार नाही. माझ्या संगणकाचं."

"तुमचा संगणक कुठे आहे?"

"माझ्या घरात."

"आणि तुमचं घर?"

"या इमारतीत."

"मग," ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले.

मी त्यांना चित्र काढून दाखवलं. पेटी, तार, माझं मशीन, दादाचं मशीन. त्यांनी पेन्सिलीने दादाच्या मशीनभोवती गोल काढला. "हे गृहस्थ आपले सभासद नाहीत."

"ते माझे थोरले भाऊ आहेत."

"असतील. पण माझ्या अनुभवाप्रमाणे, भाऊ म्हणून येणारे सगळे भाऊच असतात असं नाही."

शेवटी सही मिळाली, पण दुसऱ्याच दिवशी फलकावर सूचना लागली : 'काही सभासद स्वतःच्या सोयीसाठी इंटरनेटला भोक पाडत आहेत. इतरांनी आपापली काळजी घ्यावी.' नाव नव्हतं. पण इंटरनेटला भोक पाडेल अशी इमारतीत मी एकटीच आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठवडाभर ज्याचा मोबाइल बंद पडे तो जिन्यात मला थांबवून विचारत असे, "ते तुमचं काम झालं का?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची गरम पाण्याची टाकी बिघडली, तीही माझ्या खात्यावर गेली.

यथावकाश कंपनीचं पत्र आलं. पाच हजार दहा उघडला होता. मी दादाला मोबाइलवर संदेश पाठवला : 'उद्यापासून सुरू. चहानंतर.' संदेश तो वाचतो, लिहीत मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहा लवकर घेतला. साडी बदलली. कशासाठी, ते विचारू नये. त्या प्रोग्राममधून एकमेकांचं तोंड दिसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो मीच लिहिला होता. मशीनपुढे बसले. पडदा काळा, वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. बाहेर अंधारून आलं तेव्हा मी उठून दिवा लावला आणि परत बसले. दादा आला नाही.

पहिला दिवस म्हणून मी सोडून दिलं. मग दुसराही सोडून दिला. त्यानंतर सोडून देणं अवघड व्हायला लागलं. मी प्रोग्राम पुन्हा तपासला. दोन खिडक्या उघडल्या, 'नमस्कार' लिहिलं, 'नमस्कार' उमटलं. प्रोग्राम ठणठणीत होता. म्हणजे दोष दादात होता. शास्त्र शिकलेल्या माणसाला अशा ठिकाणी पोचायला फार वेळ लागत नाही.

मी संदेश पाठवला : 'काल वाट पाहिली.'

संध्याकाळी दादाचं बातमीपत्र आलं. "हो, वाचलं. असू दे. माझं सगळं ठीक आहे. तुझं चालू दे." आणि फोन ठेवला.

तुझं चालू दे. हे तीन शब्द मी किती प्रकारे वाचून पाहिले ते सांगत नाही. माझं काय चालू होतं? मी एका काळ्या पडद्यापुढे साडी नेसून बसत होते. समोरच्या वहिनींना मी हे तीन शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"रुसलेत," त्यांनी लगेच सांगितलं.

"कशावर?"

"ते महत्त्वाचं नसतं. आमच्या ह्यांचा मोठा भाऊ नऊ वर्षं रुसला होता. मग गेला."

"कुठे?"

"वरच."

"आणि कारण?"

"ते नाहीच कळलं. तुम्ही असं करा ताई, आपणहून फोन करा."

"त्याला ऐकू येत नाही."

"मग काय, उलट सोपं आहे. काहीही बोला."

मी फोन केला नाही. मी इतकी खटपट केली, अर्ज केले, सह्या आणल्या, गरम पाण्याच्या टाकीचा आळ घेतला, आणि या माणसाला चहा पिऊन दहा पावलं चालून खुर्चीत बसवत नव्हतं. मी मनात ठरवलं की आता मीही बसणार नाही. असं ठरवून मी रोज बसत होते. फक्त साडी बदलणं बंद केलं. मग एक दिवस पुस्तक घेऊन बसले, आपण वाचतोय आणि मशीन आपलं सहज समोर आहे, असं दाखवायला. दाखवणार कोणाला, हा प्रश्न होताच.

एक शंका मात्र शास्त्र म्हणून तपासायला हवी होती. कंपनीने दार खरंच उघडलं होतं का? न उघडता पत्र पाठवायला काय जातं? ही शंका आल्यावर मला एकदम हलकं वाटलं. दादा रुसला असण्यापेक्षा कंपनी खोटारडी असणं कितीतरी बरं. मी त्यांच्या तक्रार कक्षाला फोन लावला. पलीकडे एक तरुण बाई होती. तिचा आवाज गोड होता आणि तिच्या समोर प्रश्नांची एक साखळी असावी, कारण मी काहीही म्हटलं तरी ती त्या साखळीतल्या पुढच्या कडीवर जात असे.

"मॅडम, आमच्याकडून पाच हजार दहा उघडा आहे."

"तसं असतं तर मी फोन केला नसता."

"बरोबर आहे मॅडम. पेटीचा हिरवा दिवा लागतो का?"

"लागतो. बाई, मी आयुष्यभर हेच काम केलंय."

"छान वाटलं ऐकून मॅडम. तुमचा प्रोग्राम कुठल्या नंबरवर ऐकतोय ते एकदा बघून सांगाल का?"

"पाच हजार दहावर. मीच लिहिलाय."

"बघून सांगाल का मॅडम? त्याशिवाय मला पुढचा प्रश्न येत नाही."

मी नाइलाजाने, आणि तिला ऐकू जाईल असा उसासा सोडून, मशीनला विचारलं की या क्षणी कोणकोणती दारं कोण अडवून बसलंय. उत्तर आलं. मी ते ठसक्यात वाचायला सुरुवात केली.

"गप्पा. सदतीस हजार तीनशे पंचाण्णव."

पलीकडे किल्ल्यांची टकटक झाली.

"मॅडम, तुम्ही पाच हजार दहा म्हणाला होतात ना?"

पडद्यावरचा आकडा पाहता क्षणी मला सगळं कळलं होतं.

"आणखी काही मदत करू शकते का मॅडम?"

"नको," मी म्हणाले. "आभारी आहे." आणि दादासारखा फोन ठेवून दिला.

झालं होतं ते असं. नंबर मशीनच्या पोटात दोन तुकड्यांत ठेवलेला असतो, एक मोठा आणि एक धाकटा. माझं मशीन धाकट्याला पुढे ठेवतं. तारेवर मात्र मोठ्याने पुढे चालायचं, असा जगभरचा नियम आहे. म्हणून नंबर तारेवर सोडण्याआधी तुकड्यांची अदलाबदल करायची. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवत असे. आणि दुसऱ्या दिवशी हे शिकवत असे की नाव सांगून नंबर मागितला, तर मशीन तो आधीच अदलाबदल करून हातात देतं. तिथे पुन्हा करायची नाही. मोजा सुलटा करून हातात दिलेला असताना आपण सवयीने तो पुन्हा उलटा करून पायात घालायचा, तसं मी केलं होतं. पाच हजार दहाचे दोन तुकडे उलटे लावले की सदतीस हजार तीनशे पंचाण्णव होतात. हिशेब मी कागदावर करून पाहिला. उत्तर चुकलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी तपासताना हे कळलं नाही, कारण माझ्या दोन्ही खिडक्यांनी एकच चूक केली होती. दोघी रोज त्याच चुकीच्या दाराशी येऊन भेटत होत्या आणि 'नमस्कार, कशी आहेस' करत होत्या. दादाचा प्रोग्रामही तसाच, माझ्याच हातचा. तो कंपनीच्या पेटीचं सदतीस हजारांचं दार वाजवत असणार, आणि ते तर बंद होतं. म्हणजे वाजवत असला तर. तेवढं मात्र मला अजून माहीत नव्हतं. चूक माझी होती हे सिद्ध झालं, तरी दादा बसत होता हे त्यातून सिद्ध होत नव्हतं.

एक सोपा मार्ग होता. प्रोग्राम तसेच चुकीचे ठेवायचे आणि कंपनीकडून सदतीस हजार तीनशे पंचाण्णव उघडून घ्यायचा. मी अर्जाचा नमुना काढूनही पाहिला. 'नंबर बदलण्याचे कारण' असा रकाना होता. 'आधीचा नंबर बरोबर होता' याखेरीज मला कारण सुचेना. शिवाय पुन्हा ना-हरकत, पुन्हा अनुभवी. त्यापेक्षा बस बरी.

मी दोन्ही प्रोग्राम दुरुस्त केले. माझा सुरू करून ठेवला, दादाचा पेन ड्राइव्हवर घेतला आणि सकाळची बस पकडली. दादाला कळवलं नाही. कळवून तो ऐन वेळी दाढी-बिढी करून तयार राहिला असता, तर मला जे बघायचं होतं ते बघता आलं नसतं.

बस वाटेत बंद पडली. पोचायला दुपार टळली. दादाच्या दारात उभी राहून मी बेल दाबली, मग ते किती निरर्थक आहे हे आठवून पुन्हा दाबली. शेजारच्या अंगणात एक बाई झाडांना पाणी घालत होत्या.

"बेल नका वाजवू, त्यांना येत नाही ऐकू. दार ढकला, उघडंच असतं. पण आत्ता ते ऑफिसात आहेत."

"ऑफिसात? ते निवृत्त आहेत."

"आम्ही आपलं म्हणतो. या वेळेला रोज त्या मशीनपुढे बसतात. तेव्हा कोणी गेलेलं चालत नाही. माझ्या सुनेने एकदा डबा नेला तर हातानेच जा म्हणाले. बहीण येणार असते म्हणे."

"येते का?"

"मला काय कळणार त्यातलं? पण दुपारची दाढी करून बसतात, एवढं बघते मी."

मी दार ढकललं. दादा पाठमोरा बसला होता. इस्त्रीचा सदरा, मागे केस नीट कापलेले. चहाचा कप बाजूला, वर बशी झाकलेली. पडद्यावर माझं वाक्य होतं, माझ्याच सौम्य मराठीत, एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. सध्या पलीकडे कोणी नाही. सध्या पलीकडे कोणी नाही. दादाने किल्ली दाबली. आणखी एक ओळ खाली आली. तो मागे टेकला. जरा वेळाने त्याने पुन्हा दाबली.

मी पुढे जाऊन टेबलावर हात ठेवला.

दादाने हाताकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आधी त्याचा चेहरा उजळला. मग त्याने घड्याळ बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तू इथे काय करतेस? मशीनवर यायची वेळ झाली ना. तू इकडे आलीस तर तिकडे कोण बसणार?"

मी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं : 'नंबर उलटा पडला होता. चूक माझी. मी रोज बसत होते.'

दादाने सवयीने पेन्सिल उचलून कागद वाचला. पेन्सिल टेकवायला जागा मिळाली नाही.

"रोज?"

मी मान हलवली.

"तुझ्या त्या 'काल वाट पाहिली'पुढे प्रश्नचिन्ह राहिलं, असं मी धरलं. मला वाटलं, तुला संध्याकाळचं कुठेतरी जायला लागलं असेल," तो म्हणाला. "कोणी मैत्रीण वगैरे. म्हटलं, चांगलं आहे. उगाच माझ्यासाठी घरात बसायला नको. म्हणून फोनवर म्हटलं, तुझं चालू दे."

"मग तू कशाला बसत होतास?" मी मोठ्याने विचारलं. त्याने ओठांवरून ओळखलं असावं.

"एखाद्या दिवशी घरी असलीस तर?" दादा म्हणाला.

दुरुस्ती काहीच नव्हती. जुना प्रोग्राम काढून नवा ठेवला. दादाने नाव लिहिलं, दोन पी तपासून किल्ली दाबली. ती ओळ आली नाही. कोरा पडदा, वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

"लागलं?"

मी मान हलवली.

"म्हणजे हे आत्ता तुझ्या घरात लागलंय."

"हो."

"पण तिथे कोणी नाही."

मी नाही म्हटलं. दादाने त्या कोऱ्या पडद्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल की आलीच आहेस तर राहा दोन दिवस. माझ्या पिशवीत कपडे होते.

"मग नीघ," दादा म्हणाला. "लगेचची गाडी मिळेल. तू पोचल्याशिवाय बोलणार कसं?"

आम्ही समोरासमोर बसलो होतो, मध्ये एक टेबल. पण त्याचं बरोबर होतं. माझं बोलणं त्याला ऐकू येत नाही, आणि कागदावर लिहून लिहून माणूस किती बोलणार? त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला, कोपऱ्यापर्यंत मला सोडायला आला, बस दिसल्याबरोबर "चल" म्हणाला आणि ती सुटायच्या आत घराकडे वळला. खिडकीतून बघितलं तर चांगला झपाझप चालला होता.

घरी पोचले तेव्हा जिन्यातले दिवे लागले होते. समोरच्या वहिनींनी दार किलकिलं करून "भेटले का? रुसलेच होते ना?" असं विचारलं. मी "नाही" म्हणाले आणि कुलूप काढून तशीच आत शिरले, पायांत चपला, खांद्यावर पिशवी. आतल्या खोलीत अंधार होता. फक्त पडदा उजळलेला होता, आणि त्यावर मी न लिहिलेल्या ओळी होत्या.

'मी घरी आलो.'

'तुझी गाडी आता पुलापाशी असेल.'

'शेजारच्या बाई विचारत होत्या कोण आलं होतं. सांगितलं.'

'गाडी उशिरा धावत असावी.'

'पोचलीस का?'

'पोचलीस की लिही. मी बसलो आहे.'

दिवा न लावता मी खुर्चीत टेकले आणि लिहिलं : 'पोचले.'

उत्तर माझं बोट किल्लीवरून उचलण्याआधीच आलं असावं, असं मला वाटलं. 'दार लावलंस का?'

मी मागे वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं, किल्ली बाहेर कुलपातच लटकत होती, आणि वहिनी उंबऱ्यापाशी येऊन आत डोकावत होत्या. उठले. किल्ली काढली. वहिनींना म्हटलं, "उद्या सांगते. आत्ता मला बोलायचंय." दाराला कडी घातली, पिशवी खाली ठेवली, दिवा लावला आणि परत येऊन बसले.

'लावलं,' मी लिहिलं.

'बरं. आता सांग.'